बाथरूमच्या टाइल्सवरचा पांढरा थर: साबण की क्षार? (बोअरचं पाणी, पाथर्डी फाटा)

पाथर्डीची_सून | शनिवार, सकाळी ११:१०

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याच्या बाजूला राहतो. महापालिकेचं पाणी येतं तेवढं पिण्याला आणि स्वयंपाकाला पुरतं, बाकी सगळा कारभार बोअरवर. एप्रिल-मे महिन्यात वरून टँकर. सहा वर्षांपूर्वी घर घेतलं तेव्हा बाथरूमसाठी गडद राखाडी टाइल्स मी स्वतः हौसेनं निवडल्या होत्या. आज कोणी रंग विचारला तर मला सांगता येणार नाही.

शॉवरखालच्या दोन भिंती कमरेपर्यंत पांढरट झाल्यात. ओल्या असताना हात फिरवला तर चिकट लागतं, नखाने खरवडलं तर खाली खडूसारखं टणक काहीतरी आहे. आतापर्यंत केलेले उपाय: खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र (फेस झकास, परिणाम शून्य), भांड्याची पावडर आणि काथ्या (खांदा दुखला), लिंबाची सालं (बाथरूमला सरबताचा वास). मावशी म्हणतात, "ताई, ॲसिड आणा, दोन मिनिटांचं काम आहे." मला धीर होत नाही.

गणपतीला दीर-जाऊ येणार आहेत. जाऊबाई काही बोलणार नाहीत, नुसतं बघतील. ते जास्त लागतं. काहीतरी सुचवा.

गंगापूर_रोडचा_गण्या | शनिवार, ११:३२

मावशी बरोबर आहेत. ॲसिड टाका, खराट्याने घासा, पाणी मारा, संपला विषय. आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच चालतं.

सांधेवाला | शनिवार, दुपारी १:०५

गण्याभाऊ, तुमच्याकडचे टाइल्सचे सांधे एकदा बोटाने दाबून बघा. मी बावीस वर्षं फरशी बसवतो, त्यातली निम्मी तुमच्यासारख्यांचं उस्तवार करण्यात गेली.

ॲसिड टाइलच्या चकाकीला सहसा काही करत नाही, ते खरं आहे. पण दोन टाइल्सच्या मधे जो माल भरलेला असतो तो सिमेंटचा, आणि सिमेंटात चुनाच. क्षार खाणारं ॲसिड सिमेंट सोडेल होय? दोन-चार वेळा मारलं की सांधे भुसभुशीत होतात, मग पाणी टाइलच्या मागे शिरतं आणि एक दिवस पलीकडच्या बेडरूमच्या भिंतीला ओल दिसते. मग वॉटरप्रूफिंगवाल्याला फोन. शिवाय नळ, शॉवर, जाळी, दाराची कडी सगळं काळं पडतं. ॲसिड त्यांच्यावर सांडायलाही लागत नाही, नुसता धूर पुरतो.

गंगापूर_रोडचा_गण्या | शनिवार, १:२०

सांधे दाबून आलो. गप्प बसतो.

निवृत्त_मास्तर | शनिवार, दुपारी ४:४५

दुपारची झोप झाली, आता सविस्तर लिहितो. शाळेत रसायनशास्त्र शिकवायचो, त्यामुळे थोडं सहन करा.

धागाकर्त्या ताईंनी स्वतःच्या नकळत अर्धं उत्तर लिहून टाकलंय. "वर चिकट, खाली खडूसारखं." भिंतीवर एक नाही, दोन वेगळ्या वस्तू बसल्यात आणि एकीचं औषध दुसरीला लागू पडत नाही. सगळे उपाय फसले ते यामुळे.

खालचा टणक थर क्षारांचा. काळारामाचं देऊळ ज्या काळ्या दगडात बांधलंय, तोच बेसाल्ट आपल्या सगळ्यांच्या बोअरखाली आहे. पावसाचं पाणी त्याच्या भेगांतून झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेतं. ते पाण्यात बायकार्बोनेटच्या रूपात विरघळलेलं असतं, दिसत नाही. पाणी तापलं किंवा भिंतीवर वाळलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे कॅल्शियम कार्बोनेट उरतं. म्हणजे खडूच. गंगापूर धरणाचं पाणी नदीचं, ते या मानाने बरंच मऊ. त्यामुळे एकाच घरात स्वयंपाकघराचा नळ चकचकीत आणि बाथरूमचा पांढरा, असं दिसतं.

वरचा चिकट थर साबणाचा. पण तो साबण उरलेला नाही हे लक्षात घ्या. साबण म्हणजे स्निग्धाम्लाचं सोडियम मीठ, ते पाण्यात विरघळतं. दुष्फेन पाण्यातलं कॅल्शियम सोडियमला ढकलून त्याची जागा घेतं आणि कॅल्शियम स्टिअरेट तयार होतं. ते पाण्यात अजिबात विरघळत नाही. फेस यायच्या आधीच त्याचे दह्यासारखे कण होतात आणि जिथे उडतील तिथे बसतात. आमच्या आईचा शब्द किटण. मला तोच बरा वाटतो.

गंमत अशी की हे दोन्ही रोज आलटून पालटून बसतात. आज किटण, त्यावर क्षार, उद्या पुन्हा किटण. चिरोट्याचे पापुद्रे जसे. वरून नुसतं आम्ल टाकलं तर ते चिकट थरावरून ओघळून जातं. नुसता साबण-सोडा लावला तर खालच्या खडूला ढिम्म फरक पडत नाही.

आणि सोडा-व्हिनेगरबद्दल. एक अल्कली, एक आम्ल. एकत्र केलेत की दोघं एकमेकांना संपवतात आणि हाती उरतं किंचित खारट पाणी. तो फेस कार्बन डायऑक्साइडचा, मळाशी त्याचा संबंध नाही. दोन्ही वापरा, पण वेगवेगळ्या वेळी.

चहाबाज | शनिवार, ५:०२

मास्तर, तुम्ही आम्हाला असतात तर मी बी.कॉम. झालो नसतो.

पाथर्डीची_सून | शनिवार, ५:३०

मास्तर, चिरोट्याचं एकदम पटलं. आता क्रम सांगा. आधी कोण?

निवृत्त_मास्तर | शनिवार, संध्याकाळी ६:१५

आधी किटण. कढत पाण्यात भांडी घासायचं लिक्विड जरा सढळ हाताने घाला, हवा तर त्यात दोन चमचे धुण्याचा सोडा. खायचा नव्हे, धुण्याचा; हातमोजे घाला, तो त्वचेला लागतो. कोरड्या भिंतीला लावा, पंधरा-वीस मिनिटं ठेवा, नायलॉनच्या ब्रशने घासा आणि भरपूर पाण्याने धुऊन टाका. भिंत हाताला बुळबुळीत न लागता खरखरीत लागली की पहिला अंक संपला.

मग आम्ल. घरगुती कामाला सायट्रिक ॲसिड सगळ्यात सोयीचं. किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणून मागा, साखरेसारखे दाणे असतात. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम. व्हिनेगरही चालतं, पण बाजारचं व्हिनेगर चार-पाच टक्केच असतं आणि वास दोन दिवस जात नाही. लिंबं पिळू नका. महाग पडतील आणि गराचे डाग वेगळे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळ. भिंत उभी आहे, पाणी ओघळून जातं, आम्लाला काम करायला सवडच मिळत नाही. म्हणून जुन्या पंचाचे किंवा सुती साडीचे तुकडे या पाण्यात भिजवा आणि टाइलवर चिकटवा, तापात कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी ठेवतो तसे. वर दुधाच्या कापलेल्या पिशव्या लावल्या तर वाळत नाहीत. अर्ध्या तासाने काढा. घासायला जोर लागत असेल तर जोर लावू नका, पुन्हा पट्टी ठेवा.

सांधेवाला | शनिवार, ६:४०

मास्तरांच्या क्रमात माझी एक भर. लिंबूसत्व सौम्य असलं तरी आम्लच, सांध्यांना तेही थोडं खातं. म्हणून आधी सगळे सांधे साध्या पाण्याने चिंब करून घ्या. सांधा पाण्याने भरलेला असला की आम्ल आत शिरत नाही. आणि काम झाल्यावर बादलीने पाणी ओता, नुसता मग फिरवू नका.

तारेची घासणी भिंतीजवळ नेऊ नका. चकाकीवर बारीक ओरखडे पडतात आणि पुढचा थर त्या ओरखड्यांत दुप्पट घट्ट बसतो. जाड पापुद्रा असेल तर जुनं प्लॅस्टिकचं एटीएम कार्ड तिरपं धरून सरकवा.

द्राक्षबाग | शनिवार, रात्री ८:५०

राम राम. दिंडोरीकडचा आहे, बाथरूमचं विशेष ज्ञान नाही, पण हा क्षार आमचा रोजचा पाहुणा आहे. तुमच्या टाइल्स पांढऱ्या होतात, आमच्या ड्रिपरची तोंडं बंद होतात. बागेच्या एका टोकाला पाणी, दुसऱ्या टोकाला वेली माना टाकून.

आम्ही काय करतो, तर पाण्यात ॲसिड सोडून पीएच ४ च्या आसपास आणतो, ते पाणी नळ्यांत भरून थांबवून ठेवतो आणि मग शेवटचं टोक उघडून जोरात फ्लश. मास्तर म्हणतात तेच, थांबवून ठेवण्यात सगळं आहे. वाहत्या पाण्यात सोडलं तर ॲसिड वाया. पहिल्या वर्षी मी फ्लश करायला कंटाळा केला, सुटलेले खडे पुढच्या ड्रिपरमध्ये जाऊन बसले. तुमच्याकडेही जाळीत खडे अडकतील, ती काढून धुवा.

एक गोष्ट पोरांनाही सांगतो: पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडवर पाणी कधीच नाही. लिंबूसत्वाला एवढं नाही, पण सवय चांगली.

फवारणीच्या पाण्याचा पीएच उतरवायला सायट्रिक आम्ही किलोवर आणतो. कृषी सेवा केंद्रात मिळतं. बाथरूमला ते चालेल, सरबताला नको.

इंदिरानगरची_आजी | रविवार, सकाळी ७:२०

आमच्या लहानपणी तांब्याचा बंब असायचा. त्याच्या आतही हाच पांढरा थर धरायचा. आई चिंचेचा कोळ भरून रात्रभर ठेवायची, सकाळी पापुद्रे सुटून यायचे. सायट्रिक बियट्रिक कोणाला माहीत होतं.

निवृत्त_मास्तर | रविवार, ८:०५

आजी, तुमच्या आईंनी टार्टारिक आम्ल वापरलं. चिंचेत तेच आणि द्राक्षातही तेच, म्हणजे द्राक्षबागवाल्यांच्या घरचंच औषध. फक्त ताईंनी भिंतीला चिंच लावू नये, पांढऱ्या सांध्यांना तिचा तपकिरी डाग जन्मभर पुरेल.

डोळ्यांत_पाणी | रविवार, दुपारी १२:१५

एक इशारा देते, माझ्यावर बेतलंय म्हणून. मी संडास साफ करायचं लिक्विड टाइल्सना लावलं. परिणाम दिसेना म्हणून ते न धुताच वरून ब्लीच ओतलं. दोन मिनिटांत घसा आवळला, डोळ्यांतून धारा. कशीबशी दार उघडून बाहेर आले. संध्याकाळपर्यंत खोकत होते. बाथरूम आमचं चार बाय सहाचं, खिडकी वीतभर.

निवृत्त_मास्तर | रविवार, १२:४०

तो क्लोरीन वायू. त्या लिक्विडमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ब्लीच किंवा ब्लिचिंग पावडरशी गाठ पडली की क्लोरीन सुटतो. लिंबूसत्व आणि व्हिनेगरसुद्धा ब्लीचबरोबर तेच करतात, त्यामुळे "माझं तर घरगुती आहे" असं म्हणून सुटका नाही. सांध्यांतल्या काळ्या बुरशीला ब्लीच लावायचं असेल तर दुसऱ्या दिवशी लावा, मधे भिंत नीट धुतलेली हवी. बाई थोडक्यात वाचलात.

आणि ते खुलं ॲसिड: २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या विक्रीवर निर्बंध घातले, ते ॲसिड हल्ल्यांच्या खटल्यात. दुकानदाराने घेणाऱ्याची नोंद ठेवणं अपेक्षित आहे. तरी बिनलेबलच्या बाटलीत मिळतं, ते का मिळतं हा वेगळा धागा.

पाथर्डीची_सून | रविवार, रात्री ९:३०

अहवाल देते. आधी चांगलं, मग वाईट.

सकाळी अहोंना हाताशी घेऊन एक भिंत केली. किटण काढतानाच पाणी दुधासारखं पांढरं वाहिलं. मग पट्ट्या. दुधाच्या पिशव्या लावलेली भिंत बघून मुलगा म्हणाला, "बाथरूमला ताप आलाय का?" पहिल्या अर्ध्या तासाने बराच थर मऊ झाला, दुसऱ्या फेरीत गेला. शेवटचे दोन हट्टी पट्टे कार्डाने सुटले. राखाडी रंग दिसला तेव्हा खरं सांगते, मी भिंतीला हात लावून उभीच राहिले. ते आले, म्हणाले, "आता हिला नमस्कार करतेस की काय?"

आता वाईट. पट्ट्यांचं पाणी ओघळून दाराशी साचलं. तिथे उंबऱ्याला पांढऱ्या मार्बलची पट्टी आहे. कोणाच्या लक्षातच आलं नाही. दुपारी वाळल्यावर बघते तर वीतभर भाग निस्तेज, हाताला खरखरीत. घासून जात नाही. हा डाग आहे का?

सांधेवाला | रविवार, ९:५५

अरेरे. माझी चूक, आधीच विचारायला हवं होतं. ताई, तो डाग नाही, तिथला दगडच खाल्ला गेलाय. मार्बल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, भिंतीवरचा क्षार जो आहे तेच. लिंबूसत्वाला दोन्ही सारखेच. शहाबादी, कोटा, कडप्पा हेही चुनखडीचेच दगड, त्यांना आम्ल वर्ज्य. जुन्या नाशकातल्या घरांत न्हाणीला शहाबादी फरशी असते, तिथे पट्टीचा प्रयोग कोणी करू नये. फक्त लिक्विड, गरम पाणी आणि ब्रश. ग्रॅनाइट या मानाने टिकतो.

उंबऱ्याला पॉलिशवाल्याकडून बफिंग करून घ्या, एवढ्याशा पट्टीला तो एकटा येणार नाही, शेजारपाजारचं काम जोडून द्या. दुसरी भिंत करताना उंबऱ्यावर प्लॅस्टिक अंथरा आणि कडेला जुनं टॉवेल गुंडाळून बांध घाला.

सिडको_मधला_नितळ | सोमवार, सकाळी १०:१०

हे सगळं ठीक, पण मूळ पाणीच बदला ना. आमच्या सोसायटीत सॉफ्टनर बसवला. एक तक्रार मात्र आहे: आधी टीडीएस ७५० होता, आताही ७४० च्या आसपास. फसवलं वाटतं कंपनीने.

निवृत्त_मास्तर | सोमवार, ११:००

नाही हो, फसवलं नाही. सॉफ्टनरमधली रेझिन कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडते आणि बदल्यात सोडियम सोडते. एक क्षार गेला, दुसरा आला. टीडीएसचं मीटर फक्त एकूण विरघळलेले क्षार किती याचा अंदाज देतं, कोणते ते त्याला कळत नाही. काठिण्याची चाचणी वेगळी असते. घरच्या घरी बघायचं तर अर्धी बाटली पाणी घ्या, त्यात आंघोळीचा साबण किसून टाका, शाम्पू नको, आणि हलवा. फेस उभा राहिला तर सॉफ्टनर चालू आहे, दह्यासारखे कण आणि गढूळ पाणी दिसलं तर त्याला मीठ घालायची वेळ झाली. ते सॉफ्ट पाणी तुळशीला मात्र घालू नका.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५००, एकूण काठिण्य लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. ताई, तुमच्या सोसायटीकडे बोअरचा तपासणी अहवाल असेल, बघा.

पाथर्डीची_सून | सोमवार, दुपारी २:४०

सेक्रेटरींकडून काढला. ४८०. कमिटीच्या सभेत सॉफ्टनरचा विषय तीनदा आला आणि तीनदा पार्किंगवर गेला.

नाशिकरोडकर | सोमवार, ३:१५

नळाला लावायचे चुंबक मिळतात, त्याने क्षार बसत नाहीत म्हणे. कोणी वापरलंय?

द्राक्षबाग | सोमवार, रात्री ८:२०

बागेत लावून बघितलंय, दोन हंगाम. ड्रिपर तसेच बुजले. चुंबक आता फ्रिजवर आहे, त्याखाली पोराची फी पावती.

घरचा_हिशेब | मंगळवार, सकाळी ९:४५

एक सोपी गोष्ट कोणीच लिहिली नाही. किटण साबणामुळे होतं तर साबणच बदला. आम्ही दोन वर्षांपूर्वी बॉडी वॉशवर आलो. भिंतीवरचा चिकटपणा जवळजवळ बंद झाला, फक्त पांढरे ठिपके येतात.

निवृत्त_मास्तर | मंगळवार, १०:३०

अगदी बरोबर, माझ्याकडून राहिलं. बहुतेक बॉडी वॉश, शाम्पू यांत साबण नसतो, डिटर्जंट असतो आणि तो कॅल्शियमशी असा साका करत नाही. उलट वेष्टनावर टीएफएम बघून आपण जो भारी साबण घेतो, पहिल्या प्रतीचा म्हणजे ७६ टक्क्यांच्या वर स्निग्धांश असलेला, तो त्वचेला चांगला पण जड पाण्यात किटणही भरपूर करतो. मी स्वतः वडी सोडणार नाही. बॉडी वॉशने आंघोळ झाल्यासारखी वाटत नाही.

इंदिरानगरची_आजी | मंगळवार, ११:०५

डाळीचं पीठ लावा. भिंतही स्वच्छ, माणूसही.

चहाबाज | मंगळवार, ११:०७

आणि जाळी तुंबली की भजी.

सांधेवाला | मंगळवार, दुपारी १:३०

सगळ्यात स्वस्त उपाय: काच पुसायचा हातातला छोटा वायपर खिळ्याला टांगा. आंघोळ झाली की शेवटच्या माणसाने भिंतीवरून वरून खाली चार हात मारायचे. भिंतीवर पाणी वाळलंच नाही तर क्षार बसणार कुठून? माझ्या गिऱ्हाइकांना सांगतो, दहातला एक जण करतो.

शॉवरच्या जाळीला लिंबूसत्वाच्या पाण्याची पिशवी रबराने बांधा, पण अर्ध्या-पाऊण तासात सोडा. रात्रभर ठेवलीत तर वरचं चकचकीत पॉलिशही जाईल.

निवृत्त_मास्तर | मंगळवार, २:००

ताई, एक प्रयोग कराल? दुसरी भिंत साफ झाली की मधोमध खडूने रेघ मारा. डावी बाजू रोज वायपरने पुसायची, उजवी नाही. पंधरा दिवसांनी सांगा. विद्यार्थ्यांना हेच म्हणायचो, माझ्यावर विश्वास ठेवू नका, करून बघा.

पाथर्डीची_सून | तीन आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी १०:२०

धागा वर काढते. दुसरी भिंत झाली, उंबऱ्याला बांध घालून. पॉलिशवाला अजून "उद्या येतो" वर आहे, तोवर उंबऱ्यावर पायपुसणं आहे आणि ते तिथेच राहील असं दिसतंय.

प्रयोग केला. खडूची रेघ पहिल्याच आंघोळीत वाहून गेली (मास्तर!), म्हणून एका उभ्या सांध्याला हद्द धरली. डावी बाजू माझी, उजवी अहोंची. माझी पुसायची, त्यांची नाही, हे त्यांना फार आवडलं. सोळा दिवस झाले. डावीकडे अजून राखाडी, सांध्याशी जरा पुसट रेघ. उजवीकडे ठिपके आलेत आणि खालच्या तीन टाइल्स हाताला परत चिकट लागतात. कोरड्या भिंतीला मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला की हद्द स्पष्ट दिसते.

जाऊबाई परवा येऊन गेल्या, गणपतीच्या आधीच, न कळवता. बाथरूममधून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अर्धीच भिंत पुसतेस का गं?"

वायपर आता उजव्या बाजूला टांगलाय.